खंड्याचं औषध वेगळं, खंड्याचं ताट वेगळं : प्रकल्प नोंदी

११ जुलै २०२४, गुरुवार

कंपनीत मेंटेनन्सला असल्यामुळे लॉगबुक लिहायची सवय आहे, मशीन बंद पडलं की किती वाजता पडलं, आधी आवाज कसला येत होता, काय बदललं सगळं लिहितो, मग म्हटलं आमचा कुत्रा खंड्या तीन दिवस धड जेवला नाहीये तर त्याचं का नाही लिहायचं. म्हणून आजपासून ही वही.

खंड्या आमचा बारा वर्षांचा. गावठीच, फक्त कान थोडे मोठे. नाव आप्पांनी ठेवलं, संगम माहुलीला साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे त्यावरून. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याबरोबर अजिंक्यतारा चढायचा, वर दरवाज्यात जाऊन माझी वाट बघत बसायचा. आता जिना चढताना मागचे पाय लटपटतात.

आज दवाखान्यात नेला. ताप १०४.१ (कुत्र्याचा नॉर्मल १०१ ते १०२.५ असतो, आपल्यापेक्षा जास्तच). पोटाला केस कमी असतात तिथं टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. वजन १८.६, गेल्या वर्षी २१ च्या वर होतं. रक्त घेतलं, एर्लिकियाची किट टेस्ट पॉझिटिव्ह. म्हणजे गोचीड ताप. प्लेटलेट ५८ हजार, पाहिजेत किमान दोन लाख. क्रिएटिनिन १.९, म्हणजे वयामुळे किडनी पण थोडी थकलीय असं डॉक्टर म्हणाले.

औषध: डॉक्सीसायक्लिन १०० ची गोळी दिवसातून दोनदा, २८ दिवस, मध्ये खंड नको. सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची एक, आणि लिव्हरचं सिरप. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला, कुत्रं खेळायला लागलं की लोक आठवड्यात गोळ्या बंद करतात आणि आजार उलटतो, तसं करू नका.

रात्रीची पहिली गोळी कंदी पेढ्यात दाबून दिली. एका घासात गायब. आम्ही सगळे खूश.

१२ जुलै, शुक्रवार

सकाळ, संध्याकाळ दोन्ही पेढ्यातून. जेवण मात्र नाहीच, भाकरी-दूध तसंच राहिलं. आई म्हणाली पेढा खातोय ना, मग भूक येईल उद्या.

१३ जुलै, शनिवार

डॉक्टरांचा फोन आला चौकशीला, मी अभिमानानं सांगितलं पेढ्यातून बिनबोभाट घेतोय म्हणून. ते म्हणाले थांबा. डॉक्सीसायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटतं, मग आतड्यातून रक्तात पूर्ण जात नाही. दूध, दही, पनीर, पेढा काहीच त्या गोळीबरोबर नको, मध्ये दोन तास तरी अंतर पाहिजे. म्हणजे तीन डोस गेले खरे पण पूर्ण लागू पडले असतील असं नाही. साताऱ्यात राहून पेढा बंद, असो.

दुपारी चिकनच्या तुकड्यात गोळी घातली. त्यानं तुकडा दाढेखाली घेतला आणि गोळी फुटली. ती किती कडू आहे हे मी नंतर जिभेवर कण ठेवून बघितलं, पाणी पिऊन पण जात नव्हती. तोंडाला फेस, डोकं झटकत अंगणभर फिरला. चिकनचा दुसरा तुकडा पुढं केला तर माझ्या हाताकडं बघून मागं सरकला.

१४ जुलै, रविवार

चूक क्रमांक दोन, आणि ही मोठी. गोळी कुटून भाकरीच्या काल्यात मिसळली, वर चिकनचं पाणी. त्याचं जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) ताट आहे लहानपणापासूनचं, ठोके पडलेलं, त्यातच वाढलं. तो आला, वास घेतला, आणि कोपऱ्यात जाऊन बसला. सगळं ताट वाया, गोळी पण वाया.

संध्याकाळी त्याच ताटात नुसता भात-अंडं ठेवलं, औषध नाही काही नाही, तरी शिवला नाही. निरीक्षण लिहून ठेवतो: ताटापर्यंत येतो, वास घेतो, दोनतीनदा ओठ चाटतो, घोट गिळतो, तोंड फिरवतो. लाळ जास्त. परत पाच मिनिटांनी येतो, परत तेच.

शेजारच्या काकू म्हणाल्या माणसाची तापाची अर्धी गोळी दे. दिली नाही. आपली ताप-अंगदुखीची औषधं कुत्र्याला चालत नाहीत, काहींनी पोटात जखमा होतात, लिव्हर-किडनी जाते, आणि इथं किडनी आधीच नाजूक.

१५ जुलै, सोमवार

लिहायला जड जातंय पण लिहितो. सकाळी मी, दादा आणि आप्पा तिघांनी धरून गोळी घातली. दादानं मागचं धरलं, आप्पांनी मान, मी जबडा. खंड्या आप्पांवर गुरगुरला. बारा वर्षांत पहिल्यांदा. आप्पांनी हात सोडला, काही बोलले नाहीत, जाऊन झोपाळ्यावर बसले. गोळी गेली असं मला वाटलं, दुपारी आईला पायपुसण्याखाली सापडली, अर्धी विरघळलेली. गालात धरून ठेवली होती त्यानं.

ताप १०३.८. दिवसभरात पोटात: थोडं पाणी. बास.

१६ जुलै, मंगळवार

हाफ डे टाकून दवाखान्यात. पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसली नाही, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. सलाईन लावलं, दीड तास त्याचं डोकं माझ्या मांडीवर.

डॉक्टरांनी वही मागितली आणि रविवारच्या नोंदीवर बोट ठेवलं. ओठ चाटणं, घोट गिळणं, लाळ, ताटापर्यंत येऊन तोंड फिरवणं. म्हणाले, "ह्याला भूक नाही असं नाहीये, भूक आहे म्हणूनच ताटापर्यंत येतोय, पण वास आला की मळमळतंय. तुम्हीच लिहिलंय की." मी लिहिलं होतं पण मला वाचता आलं नव्हतं. तापानं, किडनीनं आणि डॉक्सीसायक्लिननं, तिन्हीनं मळमळ होते.

आणि दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मी घरी येऊन मोठ्या अक्षरात लिहिली: औषध जेवणात लपवलं की कुत्रं औषध घ्यायला शिकत नाही, जेवणाला घाबरायला शिकतं. आधी चिकन गेलं, मग भाकरी, मग ताट, मग माझा हात. आम्ही एक एक करून त्याचं सगळं खाणं नासवत गेलो होतो.

तोंड पण उघडून बघितलं. डावीकडची वरची मोठी दाढ किटणानं भरलीय, हिरडी लाल. पण आत्ता दात साफ करायचं नाही, भूल द्यावी लागते आणि प्लेटलेट एवढ्या कमी असताना रक्त थांबणार नाही. तोपर्यंत मऊच खाणं. मी विचारलं शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात न्यायचा का, म्हणाले आठ दिवसांत फरक नाही पडला तर चिठ्ठी देतो.

मधले डोस बुडाले त्यामुळे २८ दिवस उद्यापासून परत मोजायचे. मळमळीचं इंजेक्शन दिलं, उद्यापासून ओंडॅनसेट्रॉन गोळी, खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी. कोर्स दिवस १

ठरवलेलं असं:

औषध फक्त मी देणार, फक्त पुढच्या ओट्याच्या पायरीवर. जेवण फक्त आई देणार, मागच्या दारी. आईनं औषधाला हात लावायचा नाही, मी ताटाला लावायचा नाही. जर्मनचं ताट माळ्यावर, त्याऐवजी पसरट स्टीलची ताटली, खाली पाट, म्हणजे मान फार वाकवावी लागणार नाही. पंधरा मिनिटात खाल्लं नाही तर ताटली उचलायची, आग्रह नाही, तोंडाला लावणं नाही.

गोळी कशी द्यायची ते डॉक्टरांनी काल माझा हात धरून दाखवलं. राजवाड्याजवळच्या आयुर्वेदिक दुकानातून जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल आणल्या, शंभराचं पाकीट. गोळीचे दोन तुकडे करून कॅप्सूलमध्ये, म्हणजे कडू चव लागतच नाही (सगळ्या गोळ्यांना हे चालत नाही, अॅसिडिटीच्या गोळीवर जे आवरण असतं ते तुटलं तर गोळी पोटातल्या आम्लातच खराब होते, ती अख्खीच द्यायची). कॅप्सूलला बोटानं तुपाचा हात. तूप चालतं, त्यात कॅल्शियम नसल्यात जमा.

मग समोर नाही बसायचं, त्याच्या शेजारी बसायचं, एकाच दिशेला तोंड करून. डाव्या हातानं वरचा जबडा सुळ्यांच्या मागून धरायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं खालचे पुढचे दात हलके दाबले की तोंड उघडतं. कॅप्सूल जिभेच्या उंचवट्यामागं, मधोमध. कडेला ठेवली की गालात जाते, सोमवारी तेच झालं. तोंड मिटून धरायचं, नाक किंचित वर, जास्त नाही, घशावरून हात फिरवायचा. आणि बघायचं एकच: जीभ बाहेर येऊन नाकाचा शेंडा चाटला की गोळी गेली. मग बिनसुईच्या सिरिंजनं पाच मिली पाणी, गालाच्या फटीतून, सावकाश. जोरात सोडलं तर फुप्फुसात जाईल. पण पाणी पाहिजेच, डॉक्सीसायक्लिन अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते.

सकाळी सात दहाला बसलो. हात थरथरत होते माझे. त्याच्या तोंडाला आंबूस वास, हिरड्या फिक्या, जीभ कोरडी आणि गरम. कॅप्सूल ठेवली, मिटलं, घसा चोळला, काही नाही, काही नाही, आणि मग जीभ बाहेर आली, नाक चाटलं. एकट्यानं दिली, कोणी धरलं नव्हतं.

आता एकादशीचं. आम्ही सगळे उपवासाला, शेगडीवर साबुदाणा. डॉक्टरांनी चिकनचं कोमट पाणी सांगितलेलं आणि घरात एकादशीला मटण-चिकन कधीच झालेलं नाही, आजीच्या काळापासून नाही. मी गप्प होतो. आईनंच मागच्या दारी तीन विटा मांडल्या, जुनं पातेलं ठेवलं, आणि पावसात डोक्यावर इरलं घेतल्यासारखी पोत्याची खोळ घेऊन चिकन शिजवत बसली. आप्पांनी दारातून बघितलं. आई एवढंच म्हणाली, "मुक्या जनावराला कसली एकादशी, त्याचा उपवास चाललाय आठ दिवस."

आपलं नेहमीचं अळणी (तिखट-मसाल्याशिवायचं चिकनचं पाणी) नाही हां, त्यात कांदा-लसूण असतो, ते कुत्र्याच्या रक्ताला वाईट. नुसतं चिकन आणि पाणी, मीठ पण नाही. हाताला कोमट लागेल इतपत गार केलं, कारण म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक मंद होतं आणि गार अन्नाला वास येत नाही.

ताटलीतून नाही प्यायला. आईनं बोटं बुडवून पुढं केली. त्यानं चाटली. परत बुडवली, परत चाटली. असं करत अर्धी वाटी गेली. आई उठलीच नाही तिथून, पाय मुंग्या येऊन बधिर होईपर्यंत.

१८ जुलै, गुरुवार. दिवस २

सकाळी पाऊण वाटी पाणी, त्यात कुस्करलेला भात दोन चमचे. संध्याकाळी अर्धं अंडं. ताप १०२.९.

किती खायला पाहिजे ते डॉक्टरांनी गणित दिलंय, आराम करणाऱ्या कुत्र्याचं किमान: वजन तीनदा गुणायचं (१८.६ × १८.६ × १८.६), मग दोनदा वर्गमूळ, मग ७० नं गुणायचं. येतात साधारण ६२५ कॅलरी. आजचं: अंडं ३५, भात ३०, चिकनचं पाणी फार तर २०. म्हणजे शंभर पण नाही. आकडा बघून पोटात गोळा आला पण डॉक्टर म्हणाले एकदम वाढवू नका, रोज थोडं थोडं.

१९ जुलै, शुक्रवार. दिवस ३

ताप १०२.२. १९० कॅलरी. शेपूट एकदा हलली, आईला बघून. मला बघून नाही हलत अजून, पायरीकडं जायला लागलो की खाटेखाली जातो.

२१ जुलै, रविवार. दिवस ५

वरच्या ओळीवर दोन दिवस विचार करत होतो. मी फक्त गोळीपुरताच त्याच्याजवळ जात होतो, म्हणजे मी दिसलो की गोळी एवढंच त्याच्या डोक्यात. म्हणून कालपासून दिवसात पाच-सहा वेळा नुसताच पायरीवर जाऊन बसतो, खिशात चिकनचा वाळवलेला बारीक तुकडा. तो आला तर देतो, तोंडाला हात नाही लावत, जबडा नाही धरत. पहिल्यांदा तुकडा जमिनीवर ठेवून मी मागं सरकलो तेव्हा घेतला. आज संध्याकाळी हातातून घेतला. ओठ किती मऊ असतात त्यांचे, दात न लागता उचलतात, मी विसरलोच होतो.

तासगावच्या आत्या आल्या, येताना बेदाण्याचं पाकीट. लाडानं दोन दाणे खंड्यापुढं धरले, मी अक्षरशः ओरडलो. द्राक्षं आणि बेदाणे दोन्हीनं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, कुणाला चार दाण्यांनी होईल कुणाला मूठभर खाऊन नाही होणार, सांगता येत नाही, म्हणून एकही नको. आत्यांना वाईट वाटलं, मग समजावलं तेव्हा म्हणाल्या आमच्या बागेतली कुत्री तर खाली पडलेले मणी खातात, मी आता सांगते घरी. तासगावकडं घरटी बाग आहे, हे तिकडं सगळ्यांना माहीत पाहिजे खरं.

२५ जुलै, गुरुवार. दिवस ९

वाईट दिवस. पाऊस थांबायचं नाव नाही, रात्रभर लाईट नव्हती. सकाळी कॅप्सूलनंतर वीस मिनिटांनी उलटी, पिवळं पाणी, त्यात कॅप्सूल फुगलेली तशीच. परत द्यायची का नाही कळेना, डॉक्टरांना फोन केला, म्हणाले अख्खी बाहेर आली असेल तर मळमळीची गोळी देऊन तासानं परत द्या. आणि डॉक्सीसायक्लिन अगदी रिकाम्या पोटी नको, आधी दोन घास मऊ भात आईच्या हातून, मग पायरीवर गोळी. ठरलेल्या क्रमात तेवढा बदल केला. संध्याकाळी राहिली पोटात.

दुपारी पुसून कोरडा करताना कानाच्या मागं एक गोचीड सापडली. चिमट्यानं कातडीला लागून धरून सरळ ओढून काढली. अंगावर पाणी येईल असा पाऊस, त्यात हे. गोचिडीची गोळी प्लेटलेट वाढल्यावर देऊ म्हणालेत, तोपर्यंत रोज हात फिरवून तपासायचं: कान, बगला, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. अंथरूण गरम पाण्यात, भिंतीच्या भेगा बुजवल्या रविवारी.

२८ जुलै, रविवार. दिवस १२

४१० कॅलरी! ताटलीतून, स्वतः, उभा राहून.

प्लेटलेट १ लाख २० हजार. वजन १८.३, अजून उतरतंय पण उतरण्याचा वेग कमी. शिरवळची चिठ्ठी लागणार नाही.

३ ऑगस्ट, शनिवार. दिवस १८

संध्याकाळची शिफ्ट होती म्हणून रात्रीची गोळी आप्पांनी द्यायची ठरली. त्या सोमवारपासून आप्पा त्याच्या तोंडाला हात लावत नव्हते, बोलायचे, पाठ थोपटायचे, पण लांबून. मी दोन दिवस पायरीवर त्यांना शेजारी बसवून दाखवलं. रात्री साडेनऊला कंपनीत फोन आला, आप्पांचाच. "नाक चाटलं रं." मी विचारलं पाणी दिलंत का, तर म्हणाले, "दिलं की, गालातनं, हळू." मागं मला झोपाळ्याची कडी वाजत असलेली ऐकू येत होती.

९ ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी. दिवस २४

५६० कॅलरी. पुरणाच्या दिंडांसाठी हट्ट करून बसला, दिली नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार. दिवस २८

शेवटची डॉक्सीसायक्लिन रात्री आठ पन्नासला. मधला एकही डोस बुडाला नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

रक्त तपासलं. प्लेटलेट २ लाख ३० हजार. वजन १८.९. क्रिएटिनिन १.८, म्हणजे ते काही फारसं खाली आलं नाही. डॉक्टर म्हणाले तापाचं संपलं, किडनीचं आता असंच सांभाळायचं: फॉस्फरस कमी असलेलं खाणं, ते पण एकदम नाही, आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत. पाणी कायम भरपूर. दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी. दाढेचं सप्टेंबरमध्ये, आधी परत तपासणी करून मगच भूल. गोचिडीची गोळी आज दिली, पायरीवर.

मी विचारलं पेढा? त्यांनी करंगळीच्या नखावर अंगठा ठेवून दाखवला, एवढा, एकदाच.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

नखाएवढा पेढा आईनं दिला, मागच्या दारी. आत गोळी आहे का म्हणून त्यानं तो आधी जमिनीवर ठेवला, जिभेनं उलटा केला, परत उलटा केला, वास घेतला, मग खाल्ला. आई तेवढा वेळ काही न बोलता बघत होती.

जर्मनचं ताट माळ्यावरून काढून राखेनं घासलं. अंगणात उन्हात ठेवलं होतं, तो लांबून वळसा घालून गेला. परत माळ्यावर ठेवलं.

उद्यापासून किडनीची नवीन गोळी चालू, सकाळी एक. रिकाम्या कॅप्सूल ३८ शिल्लक.